एकतीस पिना

पत्र्याचा पंधरा किलोचा तेलाचा डबा एक, वरचा पत्रा कापून काढलेला, तोंडावर सुती फडकं सुतळीनं बांधलेलं. आत पिना एकतीस, सगळ्या तेलात बुडवलेल्या. प्रत्येक पिन सोळा सेंटिमीटर लांब, पंचवीस मिलिमीटर जाड, एका टोकाला टोपी, दुसऱ्या टोकाजवळ आरपार भोक. टोपीवर पंचनं ठोकलेला आकडा आणि अक्षर: १अ, १ब, २अ, असं सोळापर्यंत. ९ब नव्हती. कोर्टाचं पत्र एक, दोन पानी, खाली शिक्का. आणि डबा दोन पायांत धरून बाकावर बसलेला माणूस एक.

मी हे सगळं वहीत उतरवलं आणि सही करायला वही त्या माणसापुढे धरली.

"दोनदा मोजल्या न्हवं, ताई?"

"तीनदा."

"एकतीस?"

"एकतीस."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला आणि एकेक अक्षर सुटं काढत त्यानं सही केली. बाबालाल दस्तगीर शिकलगार. सही झाल्यावर पेनाला लागलेलं तेल त्यानं बाहीला पुसलं आणि पेन परत दिलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून सांगलीबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. प्रकल्प कित्तूर सरांचा. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एप्रिल महिना, टेबलावर दुसऱ्या वर्षाच्या एकशे बारा उत्तरपत्रिका तपासायच्या पडलेल्या. कोर्टाचं पत्र सरांनी उत्तरपत्रिका वाचावी तसंच वाचलं, हातात लाल पेन धरून.

"आकाशपाळणा," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी, नांदणवाडीच्या उरुसात. सोळा पाळणे, प्रत्येकाला दोन बाजूंना दोन पिना. नऊ नंबरच्या पाळण्याची एका बाजूची पिन गेली. पाळणा एका कडेवर लोंबला. आत भाऊ-बहीण होते, ते खाली. भावाला खरचटण्यावर भागलं. बहिणीचं खुब्याचं हाड." त्यांनी पान उलटलं. "पिन सापडली नाही. पळापळीत काय सापडणार म्हणा. आता प्रश्न एवढाच, की पिन मोडून पडली, का टोकाच्या भोकात कॉटर, म्हणजे पिन अडवून धरणारी दुमडती खीळ, घातली नव्हती म्हणून थरथरत सरकून बाहेर आली. मोडली असेल तर दोष धातूचा. सरकली असेल तर दोष यांचा."

'यांचा' म्हणताना लाल पेन बाबालालकडे वळलं. हजेरी घेतल्यासारखी त्यानं मान हलवली. पाळणा जोडायचं आणि चालवायचं काम त्याचं होतं. खटला त्याच्यावर होता.

"पण गेलेली पिनच नाही, तर आपण तपासायचं काय?" मी विचारलं.

"तिच्या बहिणी. एकाच शाफ्टमधून कापलेल्या, एकाच लेथवर वळवलेल्या. किती वर्षं फिरल्या, बाबालालभाई?"

"अकरा. अकरावा उरूस हुता त्यो."

"अकरा वर्षं सारख्याच ओझ्याखाली. एक पिन भेग जाऊन मोडली असेल, तर बाकीच्यांत कुठं ना कुठं सुरुवात झालेली असणार. आणि एकतीसच्या एकतीस ठणठणीत निघाल्या, तर बत्तिसावी तेवढी मोडली यावर कोण विश्वास ठेवील?"

बाबालालनं परत मान हलवली. हे त्यानं आधी कुणाकडून तरी, बहुतेक वकिलाकडून, ऐकलेलं असावं.

आधीच्या एका प्रयोगशाळेनं रंग सोडून तपासणी केली होती. पिनेवर लाल रंग लावायचा, तो भेगेत मुरू द्यायचा, वरचा पुसायचा आणि आतला बाहेर झिरपतो का बघायचं. काही झिरपलं नव्हतं. लोहचुंबकाची तपासणी होण्यासारखी नव्हती, कारण पिना स्टेनलेसच्या होत्या आणि चुंबक त्यांना चिकटत नव्हतं.

"दूध संघाच्या भंगारातला शाफ्ट हुता," बाबालाल म्हणाला. "मालक म्हनला, ह्ये गंजायचं न्हाय."

"मग तेलात कशाला ठेवल्यात?"

तो माझ्याकडे बघत राहिला. प्रश्न त्याला कळला नसावा असं मला वाटलं.

---

आमचं उपकरण दिसायला साधं होतं. प्लास्टिकचे भाग जोडायच्या कारखान्यात असतो तसला एक कंपक, सेकंदाला वीस हजार वेळा थरथरणारा. त्याचं टोक वस्तूवर दाबायचं आणि एक सेकंद चालवायचं. वस्तू अखंड असेल तर ती नुसती थरथरते. भेग असेल तर भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, तिथं ऊब तयार होते, आणि समोरच्या उष्णतेच्या कॅमेऱ्यात, काळ्या पडद्यावर, एक पांढरा ठिपका उमटतो. कॅमेऱ्याला अंशाच्या पन्नासाव्या भागाचा फरक कळायचा. म्हणून चाचणी चालू असताना पंखा बंद, खिडक्यांना काळा कागद, दार लावलेलं. चकचकीत धातूत माणसाच्या अंगाची ऊबही आरशासारखी दिसते, म्हणून प्रत्येक पिन आधी ॲसिटोननं पुसायची आणि तिच्यावर काळा रंग फवारायचा. ऊब तीन दशांश अंशांहून जास्त वाढली तर भेग, कमी असेल तर नाही. ही रेघ सरांनी ठरवलेली होती.

आणि एक नमुना होता. बोटाएवढी स्टीलची पट्टी, तिच्यात सरांनी स्वतः यंत्रावर वाकवून वाकवून तीन मिलिमीटरची भेग वाढवलेली. सर तिला मॉनिटर म्हणायचे. कामाच्या सुरुवातीला मॉनिटरची ऊब मोजायची, काम संपल्यावर परत मोजायची. दोन्ही आकडे जुळले तर मधलं सगळं ग्राह्य. मॉनिटरचा आकडा दोन वर्षं एकच येत होता, २.१.

गुरुवारी सकाळी पंखा बंद केला, कानांवर कर्णरोधक चढवले, मॉनिटर लावली. २.१. मग १अ लावली.

कंपकाचा आवाज फळ्यावर नख ओढल्यासारखा, पण सगळ्या अंगातून जाणारा. एक सेकंदच, पण प्रत्येक पिन तीन ठिकाणी धरून, प्रत्येक ठिकाणी तीनदा चालवायची होती. म्हणजे एका पिनेला नऊ सेकंद आवाज आणि वीस मिनिटं मांडामांड. १अ: ०.०. १ब: ०.०. २अ: ०.१. चाळीस अंशांच्या उन्हात बंद खोली. वहीवर घाम पडू नये म्हणून मी मनगटाला रुमाल गुंडाळला होता.

बाबालाल बाहेरच्या बाकावर बसून होता. पिना मालकाला कोर्टातून बंधपत्रावर परत मिळाल्या होत्या, मालकानं 'ते लोखंड माझ्या दारात नको' म्हणून बाबालालकडं दिल्या होत्या, आणि आता काही झालं तरी डबा नजरेआड करायचा नाही असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं. दुपारी दार उघडलं तेव्हा त्यानं आत डोकावून पडदा पाहिला.

"ह्यात काय दिसतं, ताई?"

मी भेगेचं आणि उबेचं सांगितलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे थंडीत हात चोळल्यासारखं."

"अगदी तसंच."

"आन् दिसलं का काय?"

"अजून नाही."

"न्हाय दिसायचं," तो म्हणाला. त्याला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. तो नुसता दमलेला होता. चार वर्षं तारखांना जाऊन माणूस जसा दमतो तसा.

संध्याकाळी मी लेबलं कापायला कात्री घेतली तर ती हातात निराळीच लागली. कागद नुसता टेकवला की कापला जात होता. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "बाबालालभाईंनी मागितली होती मघाशी. बसून बसून कंटाळले असतील."

कात्रीच्या खिळ्यापाशी तेलाचा एक थेंब होता. मी तो पुसून टाकला, कारण लेबलाला डाग पडत होता.

---

शुक्रवारी दुपारपर्यंत सव्वीस पिना झाल्या. सगळ्यांत मोठा आकडा होता ०.१. नऊ नंबरच्या पाळण्याची उरलेली पिन, ९अ, गुरुवारीच शेवटी होऊन गेली होती. तिचं ०.०. तिच्याकडून सरांना आणि मला जरा आशा होती. जोडीदारीण तीच.

जेवायला मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आत पंखा लावला की खोली परत शांत व्हायला अर्धा तास जायचा, म्हणून मी तो लावतच नव्हते. बाबालालनं फडक्यातून भाकरी आणि वांग्याचं कोरडं काढलं आणि न विचारता अर्धं माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवलं.

"चाचा, खरं सांगा," मी म्हणाले. "कॉटर घातली होती?"

मी हे विचारायला नको होतं. तपासणाऱ्यानं विचारायचं नसतं. पण सव्वीस पिना शून्य आल्या होत्या आणि मला पण कंटाळा आला होता.

त्यानं घास खाली ठेवला.

"माजी पद्धत अशी, की पाळना जोडताना कॉटरी मोजून वरच्या खिशात टाकायच्या. बत्तीस. एकेक घालत जायचं. श्येवटी खिसा मोकळा झाला की समजायचं, सगळ्या बसल्या. कागूद न्हाय, काय न्हाय. खिसाच माजी वही. अकरा वर्सं तसंच केलं."

"मग?"

"त्या दिशी पोलिसांनी अंग तपासलं, तर खिशात एक कॉटर निगाली."

मी त्याच्या वरच्या खिशाकडं पाहिलं.

"कदी कदी मी तेहतीस घ्यायचो. एकांदी वाकडी निगाली तर परत खाली उतराय नको म्हनून. त्या दिशी बत्तीस घेतल्या का तेहतीस, त्ये काय मला आठवत न्हाय. लई आठवून बगितलं. वकील म्हनतो, तेहतीस घेतल्या म्हनून सांगा. सांगितलं बी कोर्टात. पन आठवत न्हाय त्ये न्हायच." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "शिक्षा काय, सा म्हैने असंल. आमची घरवाली जैतूनबी म्हनती, जा आन् भोगून या, ह्यो ताप तरी मिटंल. त्येचं काय न्हाय. पन त्या पोरीनं इचारलं वो."

"कुठल्या?"

"पडली ती. गेल्या साली स्टँडवर भेटली. काठी घिऊन चालती. कालिजात हाय आता. मी तोंड चुकवून चाललो हुतो, तर तिनंच हाक मारली. शिवी न्हाय, काय न्हाय. म्हनली, चाचा, तुमी पिन नीट लावली हुती का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, आठवत न्हाय बाळ." तो भाकरीकडं बघत होता. "ती थांबली जरा येळ. मंग म्हनली, आठवलं तर सांगा. आन् गेली. आता सांगा, कोर्टाला काय बी सांगता येतंय. तिला काय सांगू?"

आम्ही जेवण संपवलं. त्यानं फडकं झटकलं, घडी केली, आणि पिशवीतून औषधाची एक छोटी बाटली काढली. तिच्यात तेल होतं. खिशातला चाकू उघडून त्यानं पात्याला एक बोट तेल लावलं, आणि चाकू मिटून ठेवला.

"तपासलेल्या पिना परत डब्यात टाकू का?" त्यानं विचारलं. "कोरड्या पडल्यात."

"रिपोर्ट झाल्यावर, चाचा. तोपर्यंत हात लावायचा नाही."

"बरं."

---

एकतिसावी पिन साडेतीनला संपली. १६ब: ०.०. सरांनी रिपोर्टचा मसुदा आधीच टाइप करून ठेवला होता, आकडा भरायची जागा तेवढी सोडलेली. सोमवारी कोर्टाची तारीख होती. त्यांनी जागा भरली: 'एकतीसपैकी एकाही पिनेत दोष आढळला नाही.' मला म्हणाले, "मगदूम, शेवटची मॉनिटर घेऊन टाक, मी सही करतो. आणि तो पंखा लाव बाई आता."

मी मॉनिटर लावली. एक सेकंद. पडदा काळाच राहिला.

टोक सैल असेल म्हणून परत दाबलं. ०.२. पट्टी फिरवून लावली. ०.२. चौथ्यांदा ०.१.

सर येऊन माझ्या मागं उभे राहिले. त्यांनी कर्णरोधक न लावताच पाचवी चाचणी ऐकली आणि डोळे मिटून घेतले.

"कंपक गेला," ते म्हणाले.

"वीजप्रवाह बरोबर दिसतोय, सर. दाबही तेवढाच आहे."

"मग कॅमेरा गेला."

मी कॅमेऱ्यासमोर तळहात धरला. पाची बोटं पांढरीशुभ्र दिसली. कॅमेरा ठीक होता.

सर स्टुलावर बसले. "पहिला आणि शेवटचा आकडा जुळला नाही तर मधलं सगळं रद्द. हा नियम कुणाचा?"

"तुमचा."

"बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय." त्यांनी टाइप केलेल्या कागदाकडं पाहिलं. "एकतीस पिना. परत."

मला रडू आलं नाही, पण खाली बसावंसं वाटलं. दोन दिवस, एकतीस गुणिले नऊ, दोनशे एकोणऐंशी वेळा ते किंचाळणं. आणि कुठल्या पिनेपासून उपकरण बिघडलं तेही माहीत नाही. मी मॉनिटर हातात घेतली, उजेडात धरून भेगेच्या बाजूनं बोट फिरवलं. पट्टी गुळगुळीत लागली. नको इतकी. मी बोट नाकाशी नेलं.

दार उघडून मी बाहेर गेले. "चाचा, ह्या पट्टीला तुम्ही हात लावला होता?"

"व्हय. सकाळी तुमी रंग फवारायला म्हागं गेलता तवा." तो उठून उभा राहिला. "चूक झाली का? ती पिनंमदली नव्हती म्हनून लावला. कोरडी पडलीती टेबलावर. जरासं तेल दिलं आन् पुसून ठिवली."

"का?"

"का म्हंजे?" आता त्याला खरंच समजेना. "आमी शिकलगार, ताई. धार लावून सुरी परत दिताना कोरडी दित न्हाय. बा म्हनायचा, कोरडं लोखंड कुनाच्या हातात द्यायचं न्हाय, आन् कोरडं पडल्यालं दिसलं तर तसंच सोडून जायचं न्हाय. मंग त्ये आपलं असू द्या न्हायतर दुसऱ्याचं."

"स्टेनलेस असलं तरी?"

"धातू हाय न्हवं त्यो?"

सर दारात येऊन उभे राहिले होते. मग सरांनी विचारलं, "बाबालालभाई, पिना तेलात कधीपासून आहेत?"

"माज्याकडं आल्या तवापासनं. तीन वर्सं झाली. करंजीचं तेल. दर म्हैन्याला हलवतो, पावसाळ्यात बदलतो. म्हनलं, कवा परत तपासायची येळ आली तर पुराव्याला काय हुया नको."

"रंग सोडून तपासणी झाली ती त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. दीड वर्सं झालं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. भेग तेलानं भरलेली असेल तर तिच्यात रंग कुठून मुरणार? आणि कडा तेलावर सरकत असतील तर ऊब कुठून येणार? आम्ही पिना वरून ॲसिटोननं पुसल्या होत्या. वरून.

बाबालाल आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघत होता. त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं स्वतःचे दोन्ही तळहात समोर धरले, तेल मुरून काळे पडलेले, आणि सावकाश एकमेकांवर चोळले.

"तेलाच्या हातानं ऊब येत न्हाय," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

"म्हंजे त्या बोलत हुत्या आसतील, तर मीच तीन वर्सं तोंड दाबून धरलं त्यांचं."

"बोलत होत्या का, तेच अजून माहीत नाही," सर म्हणाले. "तेल काढलं तरी शून्यच येईल कदाचित. ते ध्यानात ठेवा."

"ठिवतो."

सर आत जाऊन कोर्टाचं पत्र घेऊन बसले. पुरावा भट्टीत घालायचा तर तशी परवानगी हवी. आरोपीच्या घरी राहिलेला पुरावा, त्यात आम्ही आणखी काही केलं म्हणून दोन्हीकडचे वकील तुटून पडले असते. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिलं वाचलं. मग लाल पेनानं, कोर्टाच्या पत्रावर नाही, स्वतःच्या वहीत, चार शब्द उतरवून घेतले आणि वही माझ्याकडं फिरवली. 'आवश्यक ती पूर्वतयारी करून.'

"ही पूर्वतयारी," ते म्हणाले. "सगळं लिहून ठेव. वेळ, तापमान, किती वेळा काय बदललं. आणि आधीचे शून्य खोडायचे नाहीत. तेही रिपोर्टात जाणार."

"उद्या शनिवार आहे, सर. तुमच्या उत्तरपत्रिका."

"इथंच आणतो. इथंही तेवढाच उकाडा आहे."

एकतीस पिना ॲसिटोनच्या ट्रेमध्ये बुडवल्या. पहिलं ॲसिटोन पिवळं झालं, दुसरं कमी पिवळं, तिसरं जवळजवळ नितळ. सहा वाजता पिना भट्टीत गेल्या, एकशे ऐंशी अंश, स्वयंचलित घड्याळ लावून. मॉनिटरही त्यांच्यात ठेवली. भट्टी तापायला लागली तसा बोळभर करंजीचा कडवट वास पसरला. बाबालाल दारापाशी उभा राहून तो वास घेत होता. मग त्यानं रिकामा डबा उचलला आणि शेवटच्या एसटीला गेला.

---

शनिवारी तो माझ्या आधी येऊन बसला होता. डबा आणला नव्हता. पिशवीही नव्हती. तेलाची बाटली घरी ठेवून आलो, असं त्यानं मला न विचारता सांगितलं.

पिना थंड झाल्या होत्या. मी हातमोजे घालून त्या बाहेर काढल्या, मोजल्या, एकतीस. परत काळा रंग फवारला. सरांनी कोपऱ्यात उत्तरपत्रिका मांडल्या. बाबालालला त्यांनी आत बोलावून भिंतीपाशी, कॅमेऱ्याच्या मागं, स्टूल दिलं आणि कर्णरोधक दिले.

"आधी मॉनिटर," सर म्हणाले.

एक सेकंद. पांढरा ठिपका, पट्टीच्या बरोबर मध्ये. २.१.

सरांनी एक उत्तरपत्रिका पुढं ओढली. मी म्हणाले, "सर, आधी ९अ घेऊ का?"

"क्रमानं."

"त्यांना निदान..."

"मगदूम, क्रमानं. त्यांच्यासाठीच."

बाबालाल म्हणाला, "क्रमानंच घ्या, ताई. मी बसतो."

पंखा बंद केला. १अ: ०.०. १ब: ०.१. २अ: ०.०. २ब: ०.०. मी आकडा मोठ्यानं वाचायची, सर मान वर न करता ऐकायचे, आणि बाबालाल प्रत्येक आकड्याला हलकेच मान हलवायचा. ३अ, ३ब, ४अ, सगळ्यांचं तेच. पहिल्या तासानंतर त्यानं पडद्याकडं बघायचं सोडलं आणि स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. मला परवाचे आकडे पाठ होते आणि मी तेच परत वाचत असल्यासारखं वाटत होतं.

४ब लावली. टोक दाबलं. टोपीच्या खाली, जिथं टोपी आणि दांडा मिळतात त्या वळणावर, नखाएवढी एक पांढरी चंद्रकोर उमटली आणि हळूहळू विझली.

मी परत चालवलं. परत उमटली.

"०.९," मी वाचलं.

सरांचं लाल पेन थांबलं. "तिन्ही वेळा घे."

"०.९. ०.९. ०.८."

"लिही. पुढची."

बाबालालनं कर्णरोधक काढून हातात धरले होते. मी ते परत घालायची खूण केली. त्यानं घातले.

५अ: ०.०. ५ब: ०.०. ६अ: १.२, तिथंच, टोपीखालच्या वळणावर. ६ब: ०.१. ७अ: ०.०. ७ब: ०.६. तीन वाजता शिपाई चहा घेऊन आला आणि दार बंद बघून तसाच परत गेला. ८अ: ०.०. ८ब: ०.०.

मी ९अ उचलली. टोपीवरचा आकडा काळ्या रंगाखाली बुडाला होता, म्हणून तो बोटानं चाचपून बघितला. नऊ. अ. ती पकडीत बसवली, टोक टेकवलं, दाब बघितला. सर उठून माझ्या मागं आले होते. त्यांच्या हातात उत्तरपत्रिका तशीच होती. बाबालाल स्टुलावरून उठला नाही, पण त्यानं मान वर केली.

मी बटण दाबलं. एक सेकंद. परत एक. परत एक.

९अ: २.७, २.७, २.६.